पॉइंटचं लोणचं घालू नये

दसऱ्याची सुट्टी महिन्यावर आली की बंगळुरूतल्या मराठी घरांमध्ये एक ठरलेला संवाद कानावर पडतो. मुलांच्या शाळा बंद राहणार, ऑफिसातून चार दिवसांची रजा मिळण्यासारखी आहे, आणि पुण्याला आजीकडे तर मे महिन्यातच जाऊन झालेलं. मग बायको विचारते, "अरे, तुझ्या त्या कार्डावर पॉइंट साठलेत म्हणत होतास ना? त्यात गोवा होईल का?" नवरा मोबाइल उघडतो आणि ऐटीत आकडा वाचून दाखवतो. ४८ हजार! मुलं टाळ्या पिटतात.

इथेच पहिली गफलत होते. हे ४८ हजार रुपये नव्हेत, पॉइंट आहेत. आणि एका पॉइंटचे पैसे किती, याचं उत्तर एकच नसतं. बँकेच्या भेटवस्तूंच्या यादीतून मिक्सर किंवा प्रवासी बॅग मागवली तर अनेक कार्डांवर पॉइंटमागे २० ते २५ पैसेच पदरात पडतात. तोच पॉइंट विमानाच्या तिकिटासाठी किंवा हॉटेलच्या खोलीसाठी वापरला तर ५० पैसे आणि काही महागड्या कार्डांवर रुपयाही होतो. म्हणजे या घरातले ४८ हजार पॉइंट कुठे १२ हजार रुपयांचे, तर कुठे २४ हजारांचे. मिक्सर घ्यायचाच असेल तर तो दुकानातून रोख घ्यावा, पॉइंट मात्र प्रवासासाठी राखावेत.

हे ४८ हजार जमले कसे, तेही पाहण्यासारखं आहे. समजा, कार्डावर दर १५० रुपयांच्या खर्चामागे ४ पॉइंट मिळतात. म्हणजे ४८ हजारांसाठी १८ लाखांचा खर्च झाला. महिन्याला ५० हजारांप्रमाणे बरोबर तीन वर्षं. १८ लाखांवर २४ हजार, म्हणजे शेकडा सव्वा रुपयाच्या जरा वर. त्यातून कार्डाची वार्षिक फी भरली असेल तर ती वजा करायची. फी अडीच हजार असेल तर १८ टक्के जीएसटीसह २,९५० रुपये, तीन वर्षांचे ८,८५०. ठराविक खर्चाच्या वर ही फी माफ होते, ती झाली आहे की नाही हे मात्र बऱ्याच घरांत कुणी पाहिलेलंच नसतं.

बँक हे औदार्य दाखवते कुठून? दुकानात कार्ड घासलं की दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. शेकडा दीड-दोन रुपये कापले जातात आणि त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. त्यातलीच चिमूटभर रक्कम पॉइंटच्या रूपाने ग्राहकाकडे परत येते. यूपीआयने थेट बँक खात्यातून पैसे दिले तर जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून काहीच कापून घेतलं जात नाही. म्हणून तिथे सहसा पॉइंटही नसतात.

दुसरा झरा मात्र कडू आहे. महिन्याचं बिल पूर्ण न भरणाऱ्यांकडून बँका दरमहा साधारण साडेतीन टक्के व्याज घेतात. ५० हजारांची सहल कार्डावर केली आणि बिल पुढच्या महिन्यावर ढकललं, तर एका महिन्याचं व्याज १,७५० रुपये, त्यावर जीएसटी ३१५. झाले २,०६५. आणि त्या ५० हजारांवर मिळालेले पॉइंट किती रुपयांचे? फार तर साडेसहाशे! शिवाय थकबाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं, ते वेगळंच. वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज अन्याय्य आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो रद्द केला. तेव्हा त्या आधारावर विसंबण्यात अर्थ नाही. जो बिल पूर्ण भरतो त्याच्या सहलीला, जो भरू शकत नाही त्याचं व्याज हातभार लावतं, असा हा सगळा मामला आहे. आपण कोणत्या रांगेत उभे आहोत हे ज्याचं त्याने पाहावं.

आता या गोष्टीचा गाभा. पॉइंट मुरत घालणं. लोणचं मुरलं की चव चढते, बँकेतली ठेव राहिली की वाढते. पॉइंट मात्र नुसते पडून राहिले की आटतात. आणि हे बंगळुरूकरांना कुणी सांगायला नको. किंगफिशर एअरलाइन्स याच शहरातली, विठ्ठल मल्ल्या रस्त्यावरच्या यूबी सिटीतली. मे २००५ मध्ये तिची विमानं उडू लागली, तेव्हा त्या लाल गणवेशाचं आणि गरम जेवणाचं कोण कौतुक होतं! 'किंग क्लब'चं सभासद होऊन लोकांनी मैल साठवले. कुणी मुलीच्या बारावीनंतरच्या सहलीसाठी, कुणी आईवडिलांना काशीला न्यायचं म्हणून. ऑक्टोबर २०१२ मध्ये विमानं जमिनीवर आली, त्याच महिन्याच्या २० तारखेला परवाना निलंबित झाला, आणि खात्यात मैल असूनही ते वापरायला विमानच उरलं नाही. कर्मचाऱ्यांचे पगार थकले होते, बँकांची कर्जं थकली होती. त्या रांगेत मैलवाल्यांना कोण विचारतो?

जेट एअरवेजचं थोडं वेगळं झालं. तिची विमानं १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. जेटप्रिव्हिलेजचा कारभार स्वतंत्र कंपनीकडे असल्यामुळे सभासदांची शिल्लक बुडाली नाही. त्याच वर्षी योजनेचं नाव बदलून 'इंटरमाइल्स' झालं. पण जेटच्या ज्या खुर्चीसाठी लोकांनी मैल जपले होते, ती खुर्चीच नाहीशी झाली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. तिचे पॉइंट लग्न करून सासरी गेल्यासारखे 'महाराजा क्लब'मध्ये नांदायला गेले. सासर बरं निघालं तरी नियम सासरचेच.

कंपनी ठणठणीत असली तरी भाव तिच्याच हातात असतो. एक ईमेल येते आणि काल ५० पैशांचा असलेला पॉइंट आज ३५ पैशांचा होतो. दोन-तीन वर्षांनी पॉइंट बाद होतात ते निराळंच. घरभाड्याचंच बघा ना. बंगळुरूत भाडं मोठं, आणि घरमालकाला आगाऊ द्यायची रक्कम तर एके काळी सर्रास दहा महिन्यांच्या भाड्याइतकी. ती ॲपवरून कार्डाने भरायची आणि पॉइंटची पोती भरायची, ही युक्ती इथल्या तरुण मंडळींनी काही काळ छान चालवली. २०२२ पासून बँकांनी त्यावर एक टक्का आकार लावला, बऱ्याच कार्डांवर भाड्याचे पॉइंट बंद केले. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांनंतर मोठ्या ॲप्सनी ती सोयच गुंडाळली.

ऑफिसच्या कामासाठी सतत विमानाने फिरणाऱ्यांना मैल आणि हॉटेलचे पॉइंट आयते मिळतात. खासगी कंपन्या बहुधा ते कर्मचाऱ्याकडेच राहू देतात. सरकारी नोकरीत मात्र जपून. सरकारी कामाच्या प्रवासात मिळालेले मैल पुन्हा सरकारी कामासाठीच वापरायचे, असा केंद्र सरकारचा दंडक आहे. बंगळुरूत सरकारी संस्थांमध्ये काम करणारी मराठी माणसं काही कमी नाहीत, त्यांनी आपल्या संस्थेचा नियम आधी विचारून घ्यावा. जर्मनीत २००२ साली याच कारणावरून गदारोळ उठला होता. सरकारी प्रवासाचे मैल खासगी सहलीसाठी वापरल्याचं उघड झालं आणि बर्लिन राज्याचे मंत्री ग्रेगोर गिझी यांना पद सोडावं लागलं.

विमानतळावरच्या लाउंजचा मोह तर आबालवृद्धांना. फुकट इडली-वडा, कॉफी, मऊ खुर्च्या. पण २०२४ पासून बऱ्याच बँकांनी 'आधीच्या तिमाहीत इतका खर्च केला असेल तरच' अशी अट घातली आहे, आणि बायको-मुलांचे पैसे अनेकदा वेगळे पडतात. त्याच वर्षी बंगळुरूच्या विमानतळावर एक महिला कार्ड घरी विसरली होती. तिने मोबाइलमधला कार्डाचा फोटो दाखवला, सांगितलं ते ॲप उतरवून घेतलं. पुढे तिच्या कार्डावरून ८७ हजारांहून जास्त रक्कम गेल्याचं आढळलं. ते ॲप बनावट होतं आणि मोबाइलवर येणारे संदेश परस्पर दुसरीकडे पाठवत होतं. लाउंजसाठी कार्ड यंत्रात घालावं लागतं, अनोळखी दुव्यावरून ॲप घ्यावं लागत नाही, एवढं घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवावं.

तर गोवा होईल का? चौघांची विमानाची तिकिटं पॉइंटवर काढायला गेलं तर दसऱ्याच्या आठवड्यात भाव असा चढलेला असतो की दोन तिकिटांतच खजिना रिकामा. त्यापेक्षा रेल्वे बरी. यशवंतपूरहून वास्कोला जाणारी गाडी दूधसागरच्या धबधब्यावरून जाते, आणि पावसाळ्याच्या शेवटी ते दृश्य मुलांना विमानाच्या खिडकीतून दिसणार नाही. आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधीच उघडतं, तेवढी तारीख चुकवू नये. कर्नाटकातच फिरायचं असेल तर आणखी एक सवलत आहे, तिला कार्डही लागत नाही. ११ जून २०२३ पासून राज्यातल्या रहिवासी महिलांना साध्या सरकारी बसमधून राज्यात कुठेही मोफत प्रवास आहे. आई, मुलगी, आजी तिघी म्हैसूरला निघाल्या तर तिकीट फक्त बाबांचं!

या घरातल्या मंडळींनी मात्र गोवाच धरला. रेल्वेची तिकिटं पैशांनी काढली आणि पॉइंट हॉटेलसाठी ठेवले. बँकेच्या संकेतस्थळावर तीन रात्रींचे २४ हजार दिसत होते. बायकोने हॉटेललाच फोन लावून विचारलं. भाव तोच निघाला, म्हणून पुढे गेले. कधीकधी थेट विचारलं तर दोन हजारांनी स्वस्त मिळतं आणि पॉइंटची सवलत नुसती कागदावर राहते. बँक बिलाच्या ७० टक्केच पॉइंटमधून घेत होती. १६,८०० रुपयांसाठी ३३,६०० पॉइंट गेले, उरलेले ७,२०० रुपये कार्डाने भरले आणि ते बिल मुदतीत चुकतं करायची आठवण मोबाइलवर लावली. शिल्लक राहिले १४,४००, त्यातले बरेचसे मार्चअखेर बाद होणारे. दिवाळीनंतर आजीला पुण्याहून आणायचं आहे, तिचं तिकीट त्यातूनच काढायचं ठरलं. आजीला खिडकीची जागा हवी आहे.