पाठटेक नाही म्हणून होडी नापास

एकाच महिन्यात तीन वाचकांनी एकाच छापील अर्जाची प्रत संपादकांकडे पाठवली. अर्ज नदीवरच्या होड्यांच्या वार्षिक तपासणीचा. त्यात एक रकाना असा: ‘आसन व पाठटेक मूळ उत्पादकाची आहे काय? होय / नाही.’ तिघांनीही आपापली जुनी लो-व्हॉल्यूम (कमी घनफळाची) कयाक सी-वन, म्हणजे गुडघे टेकून वल्हवायची एकट्याची कॅनो, करून घेतली होती. आसन काढलेले, त्या जागी फोमचे खोगीर. तिघांच्याही अर्जावर ‘नाही’पुढे खूण झाली आणि होडी वापरास अयोग्य ठरली. गुडघ्यावर बसणाऱ्याने पाठ टेकायची कुठे, असे एकाने विचारले. तसा रकाना नाही, एवढेच उत्तर त्याला मिळाले.

तपासणी हवीच, याबद्दल या मासिकाच्या मनात शंका नाही. पण तपासणाऱ्याने निदान नियमपुस्तक उघडून पाहावे. आंतरराष्ट्रीय कॅनो महासंघाच्या स्लॅलम नियमांत के-वन (एकट्याची कयाक) आणि सी-वन या दोन्हींची किमान लांबी 3.50 मीटर आणि किमान रुंदी 60 सेंटिमीटर अशी एकच आहे. दोन्ही होड्या डेकबंद. कयाकमधला बसतो आणि दुपाती वल्हे मारतो, कॅनोतला गुडघे टेकतो आणि एकपाती वल्हे मारतो, एवढाच काय तो फरक. म्हणजे कयाकची कॅनो करायची तर आसन काढावेच लागते. ते काढले म्हणून होडी नापास करणे म्हणजे बदल केला म्हणूनच बदलाला नकार देणे.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, जे विचारायला हवे ते या अर्जात कुठेच नाही. पाठटेक नसल्याने कोणी बुडाल्याचे ऐकिवात नाही. माणूस अडकतो तो मांड्यांवरच्या पट्ट्यांमुळे आणि पावलांमुळे.

पहिली गोष्ट पावलांची. लो-व्हॉल्यूम होडीत मागचा डेक आधीच बसका असतो. कयाकमध्ये तिथे काहीच नसते, त्यामुळे ते जाणवत नाही. गुडघे टेकले की पावले खोगिराच्या दोन्ही बाजूंनी नेमकी त्याच अरुंद जागेत जातात. खोगीर 20 सेंटिमीटरपेक्षा बरेच खाली आणले तर घोटे भरून येतात आणि पाय बधिर होतात. वर नेले तर गुरुत्वमध्य उंचावतो आणि 60 सेंटिमीटर रुंदीची होडी प्रत्येक एडीच्या (उलट्या प्रवाहाच्या) रेषेवर डगमगते. वज्रासनाची सवय असलेल्याला खालची उंची सोसते, खुर्चीवर वाढलेल्याला सोसत नाही. म्हणून खोगीर आधी उंच कापावे आणि पाण्यावर बसून पाहत एकेक सेंटिमीटर कानसीने उतरवावे. त्यात जाड तळव्याचे बूट घातले, तर पाय आत जातो पण उलटलेल्या होडीतून बाहेर येत नाही. पातळ तळव्याचे निओप्रीनचे बूट हा या कामाचाच भाग आहे.

दुसरी गोष्ट मधल्या फोमच्या भिंतींची: एक खोगिराच्या पुढे, एक मागे. डेक आणि तळ यांच्यामध्ये उभ्या असलेल्या या भिंती पाण्याच्या दाबाखाली डेक चेपू देत नाहीत. खोगिराला अडथळा होतो म्हणून मागची भिंत काढून टाकलेल्या दोन होड्या गेल्या हंगामात संपादकांनी स्वतः पाहिल्या. एकीच्या मालकाने अभिमानाने सांगितले, की आता पाय पसरायला जागा झाली. अशी होडी खडकाला आडवी लागली की पाण्याच्या रेट्याने डेक थेट घोट्यांवर बसतो. मागची भिंत ठेवावीच, आणि खोगिराची मागची कड तिला घट्ट भिडवावी. आपल्याच सभासदांकडून ही चूक होत असेल, तर सगळा दोष तपासनिसाच्या माथी मारून भागणार नाही.

फोमची अडचण नको तेवढी मोठी केली जाते. बाहेरून मागवलेला मिनिसेल फोम मिळत नाही म्हणून काम अडले, अशी पत्रे वर्षानुवर्षे येतात. पादत्राणांच्या घाऊक बाजारात बंद पेशींचे ईव्हीए शीट हव्या त्या जाडीत मिळते. थर एकमेकांना चिकटवून ठोकळा करावा, हॅक्सॉच्या पात्याने कापावा, मग कानस आणि 40 नंबरचा पॉलिश पेपर. चिकटवायचा रबरी गोंद दोन्ही बाजूंना लावून बोटाला लागेनासा होईपर्यंत सुकू द्यावा आणि मगच दाबावे. ओला असतानाच दाबणारे घाई करतात आणि उलटलेली होडी सुलटी करताना, पहिल्याच रोलला, खोगीर हातात येते. पॉलिथिलीनच्या तळाला कुठलाच गोंद मनापासून धरत नाही. त्यामुळे खरा आधार गोंदाचा नसून खोगीर दोन्ही भिंतींत पाचरीसारखे बसण्याचा असतो. पट्ट्यांसाठी तळाला नवी भोके पाडू नयेत. जुन्या आसनाचे बोल्ट जिथे होते तिथेच पट्टे अडकवावेत.

तोल साधायला चिकटपट्टीचे दोन तुकडे पुरतात. आसन काढण्यापूर्वी संथ पाण्यात नेहमीसारखे बसावे आणि सोबत्याने नाळेला व मागच्या टोकाला पाणी जिथे लागते तिथे पट्टी लावावी. मग न चिकटवलेल्या खोगिरावर गुडघे टेकून, पाणी पुन्हा त्याच पट्ट्यांना लागेपर्यंत खोगीर पुढेमागे सरकवावे.  पायांनी मोकळी केलेली पुढची पोकळी हवेच्या पिशवीने भरावी. शिरलेले प्रत्येक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन.

या सगळ्यातले एक अक्षर त्या अर्जात नाही. पट्टे एका हाताने सुटतात का, भिंती जागेवर आहेत का, वल्हवणारा उलट्या होडीतून स्वतः बाहेर येतो का, हे तीन प्रश्न पुरेसे होते. बाकीची खोगीरभरती आहे. एका वाचकाने तपासनिसाला होडी पाण्यात उलटी करून बाहेर येऊन दाखवण्याची तयारी दर्शवली, तेव्हा तपासणी गोदामातच होते, नदीवर नाही, असे त्याला सांगण्यात आले.

मूळ आसनाचा हा हट्ट कोणाला महागात पडतो, तेही पाहावे. महिलांची सी-वन शर्यत ऑलिंपिकमध्ये आली ती टोकियोला, 2021 मध्ये. तिथे पुरुषांच्या सी-टूची (दोघांच्या कॅनोची) जागा तिने घेतली आणि ऑस्ट्रेलियाच्या जेसिका फॉक्सने पहिले सुवर्ण जिंकले. 2023 मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धांची स्लॅलम महेश्वरला नर्मदेच्या सहस्रधारेवर झाली. दार उघडले आहे, पण आपल्या नद्यांवर शिकणाऱ्या मुलींना नवी सी-वन परवडत नाही. त्यांच्या क्लबच्या शेडमध्ये पडलेली जुनी कयाक हाच त्यांचा रस्ता, आणि तोच हा अर्ज बंद करतो.

तेव्हा सभासदांनो, तक्रारीची पत्रे पुरे झाली. पावसाळ्याचे पाणी चढण्यापूर्वी संथ डोहात, दोन सोबती पाण्यात उभे करून, प्रत्येकाने आपली सी-वन उलटी करावी आणि एकदा उजव्या हाताने, एकदा डाव्या हाताने पट्टे सोडून बाहेर यावे. दहा वेळा. जमले नाही तर होडी परत शेडमध्ये न्यावी. खोगिराची उंची, त्याची जागा आणि दोन्ही भिंतींची जाडी मोजून संपादकांकडे पाठवावी, सोबत बाजूने काढलेले एक छायाचित्र. पुढच्या अंकापर्यंत 20 होड्यांची मापे आली, तर तपासणी खात्यापुढे तयार मसुदा ठेवता येईल. मापे मिलिमीटरमध्ये द्यावीत, अंदाजाने नकोत.