परतीचा चढ

मैत्रिणींनो, नवरात्र आले की तुळजापूरच्या वाटा फुलतात. कोजागिरीला तर सोलापूरहून ४५ किलोमीटर पायी येणाऱ्या बायकाही पुष्कळ. बहुतेक देवींकडे चढून जावे लागते. आई भवानीचे देऊळ मात्र खोलगट जागी. महाद्वारातून पायऱ्या उतरायच्या, गोमुख-कल्लोळ करून दर्शन घ्यायचे. त्यामुळे जाताना काही जाणवत नाही. चढ लागतो परतताना, आणि तेव्हाच एखादीच्या छातीत भरून येते. ती कठड्याला टेकते, दोन मिनिटांत बरे वाटते. सोबतच्या म्हणतात, "उपासाचं पित्त गं, चहा घे."

असेलही पित्त. पण चढ लागताच येणारे आणि थांबताच ओसरणारे दुखणे हृदयाचे असू शकते, हे लक्षात ठेवा. कधी दुखतही नाही. नुसती धाप लागते, जबडा किंवा पाठ भरून येते.

वर्षानुवर्षे रक्तदाब चढलेला राहिला की हृदयाचा स्नायू जाड होतो. काही घराण्यांत रक्तदाब नसतानाही तो आनुवंशिकतेने जाड असतो. जाड म्हणजे बळकट, असे आपल्याला वाटते. पण त्याला रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या त्या मानाने वाढत नाहीत. शिवाय हृदय स्वतःसाठी रक्त घेते ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. नाडी ७० ची १४० झाली की एका ठोक्याच्या वाट्याला निम्माच वेळ येतो, आणि काटछाट होते ती बहुतेक विसाव्याचीच! नळाला पाणी यायची वेळ घटावी आणि त्याच दिवशी घरात पाहुणे दुप्पट व्हावेत, तसे हे. पहिली तहान लागते स्नायूच्या आतल्या थराला.

म्हणूनच निजून काढलेला कार्डिओग्राम चांगला आला, अगदी अँजिओग्राफीत मोठ्या वाहिन्या स्वच्छ दिसल्या, तरी "मनाचे खेळ आहेत" असे कुणी म्हटल्यास ऐकून घेऊ नका. स्नायूची जाडी टूडी एकोत मोजता येते. डॉक्टरांना नुसते "दम लागतो" सांगू नका. किती पायऱ्यांवर लागतो, थांबल्यावर किती वेळात जातो, ते सांगा. रक्तदाब नीट ताब्यात राहिला तर जाडी हळूहळू कमीही होते. नाडी संथ करणाऱ्या गोळ्यांनी विसाव्याचा वेळ वाढतो.

या गोळ्या नवरात्रात बंद करायच्या नाहीत, बरं का! गोळी म्हणजे अन्न नव्हे. आणि निर्जळी उपास करून रांगेत तासन् तास उभे राहणे या स्नायूला मुळीच मानवत नाही.

चढताना भोवळ येऊन पडल्यास, किंवा बसूनही दहा-पंधरा मिनिटांत छातीतले दुखणे न थांबल्यास, चहापाण्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करा. दोष आनुवंशिक निघाला, तर सख्खी भावंडे आणि मुले यांचाही एको करावा लागतो. शाळेच्या मैदानावर धावणाऱ्या लेकाचा-लेकीचा सर्वांत आधी.