आधी नंबर सांगा!

माणूस आजारी पडला की डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" सर्व्हर आजारी पडला की मदत केंद्र विचारतं, "नंबर काय?" माझा सगळा राग या एका फरकावर आहे.

नंबर असूच नये, असं माझं म्हणणं नाही. एकाच चेहऱ्याचे हजार सर्व्हर कारखान्यातून बाहेर पडतात. त्यांतला आपला कोणता, हे कळायला काहीतरी खूण हवीच. जत्रेत हरवलेल्या पोरालाही आधी नावच विचारतात. पण पोराचं नाव बंडू असतं. सर्व्हरचं नाव यूयूआयडी, म्हणजे ३२ अक्षरं-आकडे आणि मध्ये चार आडव्या रेघा!

यातली अक्षरं फक्त ए ते एफ. त्यांतली बी, सी, डी, ई ही चार फोनवर म्हणून पाहा. सगळी एकाच सुरात! "सर, बी फॉर बॉम्बे की डी फॉर दिल्ली?" इकडे खिडकीपाशी पेन्शनवाल्यांची रांग खोळंबलेली, आणि आपण मुंबई-दिल्लीचा वाद सोडवतोय.

बरं, हा नंबर असतो कुठे? यंत्राच्या पोटात! यंत्र चालू करून आज्ञा दिली की पडद्यावर उमटतो. अहो, यंत्र चालू असतं तर तुम्हाला फोन कशाला केला असता? बाहेर पट्टी असते म्हणावं, तर ती मागच्या अंगाला, वायरींच्या जंगलात. मग शिपाईमामा बॅटरी घेऊन कपाटामागे शिरतात. "साहेब, हा आठ म्हणू की बी?" एवढं करून उत्तर मिळतं, "सर, हा सीरियल नंबर झाला. तो नको."

शहाणपण जगात नाही, असंही नाही. मोटारीच्या १७ अक्षरी नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरंच घेत नाहीत. एक आणि शून्याशी घोटाळा नको म्हणून. मोबाइलवर *#०६# दाबलं की तो आपला १५ आकडी नंबर मुकाट दाखवतो. त्यातला शेवटचा आकडा तर आधीच्या १४ आकड्यांचा तपासनीस! एक आकडा चुकला की लगेच पकडतो. यूयूआयडीत असा तपासनीस नाही. अक्षर चुकलं की पलीकडून थंडपणे ऐकायचं, "सर, असं यंत्र आमच्याकडे नाही."

कुठल्याही मुख्य कचेरीत नोंद न करता दोन यंत्रांना एकच नाव पडू नये, म्हणून हे नाव इतकं लांबवलेलं. यंत्रांनी आपसांत खुशाल वापरावं. माणसाच्या तोंडी द्यायला मात्र सात-आठ अक्षरांची खूण पुरते. ती यंत्राच्या पुढच्या बाजूला ठसठशीत छापा आणि तिच्यावरून तो लांबलचक नंबर तुमचा तुम्ही शोधा. काही कंपन्या अशी पट्टी पुढे लावतातही. बाकीच्यांचं काय अडतं?

अडतं एवढंच, की कपाटामागे त्यांना शिरावं लागत नाही. मामांना लागतं.