भाव कोण चढवतो?

भाव वर जाताना विजेसारखा कडाडतो आणि खाली येताना ढगासारखा गडगडतो. नुसते ‘वाढला’, ‘उतरला’ म्हणून मराठी माणसाचे भागत नाही, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. फक्त ‘गगनाला भिडले’ जरा जपून वापरावे. एकदा गगनाला भिडलेली तूरडाळ पुढच्या आठवड्यात आणखी दहा रुपयांनी चढली, तर मथळा देणाऱ्याने जायचे कुठे?

माझी तक्रार वेगळी आहे. वर जाण्याची ही क्रियापदे पक्षपाती आहेत. निर्देशांक उसळी घेतो, शेअर वधारतो, कांदा मात्र भडकतो. ‘वधारला’ म्हणतो तो ज्याच्या गाठीला माल आहे तो. ‘भडकला’ म्हणतो तो पिशवी घेऊन मंडईत उभा असलेला. कांद्यालाही एक मालक असतो, हे शहरी बातमीच्या ध्यानातच राहत नाही. निफाड-चांदवडकडे त्याच दिवशी, त्याच भावाला ‘बाजार सुधारला’ म्हणतात.

लासलगावच्या बाजार समितीत लिलाव बघावा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेने उभ्या. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपाशी येतो, कुणी चार कांदे उचलून दाबून बघतो, बोली चढते, सौदा ठरतो, घोळका पुढच्या ट्रॉलीकडे. शेतकऱ्याची तीन-चार महिन्यांची मेहनत एवढ्यात निकाली. दिवसाचे भाव जाहीर होतात ते क्विंटलमागे आणि तीन आकड्यांत: किमान, कमाल, सरासरी. कमाल भाव निवडक मालाला मिळतो, मथळ्यात मात्र बहुधा तोच चढतो. भडकायला सोयीचा ना!

या भडकण्याची सरकारांनाही धास्ती असते. १९९८ साली दिल्ली विधानसभेच्या निवडणुकीत सत्ता गेली, त्यात कांद्याच्या भावाचा वाटा मोठा होता, हे कुठलाच पक्ष विसरलेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठवली. बंदी आली तेव्हा भाव गडगडले, नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर उतरले. मंडईतल्या पिशवीला त्याची झळ लागली नाही, म्हणून त्या गडगडण्याला कडाडण्याएवढी जागाही मिळाली नाही.

भरारीची तर दयाच येते. ती बिचारी फ्लेक्सवर अडकली आहे. पतसंस्थेच्या ठेवींपासून दादांच्या वाढदिवसापर्यंत सगळीकडे ‘उत्तुंग भरारी’. खरोखर उंच जाते ती घार, तापलेल्या जमिनीवरून वर येणाऱ्या हवेत, पंख जवळजवळ न हलवता. तिच्या वाट्याला आपण ‘घिरट्या’ ठेवल्या आहेत!

पण सगळ्यांत लबाड क्रियापद ‘वाढले’. दूध महागले, रिक्षाचे भाडे वाढले, शाळेचे शुल्क वाढले. ताप चढतो, ऊन चढते, आवाज चढतो. ही मंडळी कुणाची परवानगी घेत नाहीत. भाडे आणि शुल्क असे आपसूक चढत नाही. कुठेतरी बैठक होते, ठराव होतो, कुणीतरी सही करतो. म्हणजे ते चढवले जाते. मराठीने चढणे आणि चढवणे असा चोख भेद करून दिलेला असताना बातमी मात्र ‘वाढ करण्यात आली’ म्हणून मोकळी होते. करणारा त्या वाक्यातून केव्हाच पसार झालेला असतो. सरकारी पत्रकात हे वाक्य शोभते, कारण ते लिहिणाऱ्याला नाव झाकायचेच असते. वार्ताहराला कशाला हवे?

तेव्हा वाचकहो, उद्याच्या अंकात ‘वाढले’ दिसले की कुणी वाढवले ते खाली लिहिले आहे का, एवढे बघा. नसेल तर संपादकांना दोन ओळींचे पत्र टाका. या सदरात दिसले तरीसुद्धा.