स्वमग्नतेचे निदान हे फक्त 'त्यांचे' चोचले नाहीत

मोठेपणी, म्हणजे पंचविशी, तिशी, चाळिशीत स्वमग्नतेचे निदान करून घेण्याचा विषय आपल्या बैठकीत निघाला की दोन उत्तरे हमखास येतात. पहिले, हे कोथरूड-बाणेरच्या लोकांचे चोचले आहेत. दुसरे, जातीचा एक कलंक कमी पडला म्हणून आता हा दुसरा कपाळावर मारून घ्यायचा का? दोन्ही उत्तरे देणारे आपलेच लोक आहेत आणि मनापासून बोलतात. तरीही आम्हाला दोन्ही मान्य नाहीत.

पहिल्या उत्तरात थोडे तथ्य आहे. शनिवार-रविवारी राजगडाला जाणारी पुण्याची पोरे मार्गासनीवरून साखर-गुंजवण्याकडे वळतात. चहाच्या टपरीवर त्यांच्या तोंडी 'मी न्यूरोडायव्हर्जंट आहे' हे वाक्य सहज ऐकू येते. त्याच टपरीमागच्या वस्तीत तसाच एखादा माणूस असतो. त्याला गर्दी सोसत नाही, ट्यूबलाइटचा आवाज ऐकू येतो, ठरलेल्या वेळेत बदल झाला की दिवसभर तो सैरभैर होतो, समोरच्याच्या बोलण्यातला टोमणा त्याला कळत नाही आणि एकाच विषयावर तो तासभर बोलू शकतो. त्याला गावात घुम्या म्हणतात, येडपट म्हणतात. शिकलेला असला तर 'शिकून माजला' म्हणतात. मेंदूची घडण दोघांची एकसारखी असू शकते. एकाला शब्द मिळाला आणि दुसऱ्याला शिवी. मग चोचले कोणाचे, हा प्रश्न बाजूला ठेवून शब्द कोणाकडे पोहोचला आणि कोणाकडे नाही, हे विचारायला हवे.

हा भेद आजचा नाही. 1943 साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी 11 मुलांची नोंद करून या अवस्थेचे पहिले गाजलेले वर्णन केले. त्या मुलांचे आईबाप बहुतेक सुशिक्षित, प्रतिष्ठित होते. त्यावरून पुढे कित्येक वर्षे असा समज रुजला की ही बुद्धिमान, वरच्या वर्गातल्या घरांतच आढळणारी गोष्ट आहे. लॉर्ना विंग या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 1980 साली या समजाला सरळ आव्हान दिले. त्यांनी एका भागातली मुले शोधून पाहिली, तेव्हा वर्गाचा तो संबंध दिसेना. म्हणजे दवाखान्याच्या दारापर्यंत कोण पोहोचू शकतो, एवढेच ते जुने आकडे सांगत होते. 2002 साली डेव्हिड मँडेल आणि सहकाऱ्यांनी फिलाडेल्फियात सरकारी आरोग्य योजनेतल्या मुलांच्या नोंदी तपासल्या. गोऱ्या मुलांना निदान सरासरी 6.3 व्या वर्षी मिळाले होते, काळ्या मुलांना 7.9 व्या वर्षी. शहर तेच, योजना तीच, तरी दीड वर्षाचा फरक. ब्लॅक पँथरचे नाव घेऊन पँथर उभी करणाऱ्या चळवळीला या दीड वर्षाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

आता आपल्याकडे या. 2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. एकूण लोकसंख्येत हे प्रमाण 2.21 टक्के होते आणि अनुसूचित जातींत 2.45 टक्के. पण त्या जनगणनेच्या तक्त्यात स्वमग्नतेचा रकानाच नव्हता. 1995 च्या अपंग कायद्यातही नव्हता. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, पण नोकरी-शिक्षणातल्या आरक्षणाच्या यादीत यायला 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा लागला. आज जो पस्तिशीत आहे, तो शाळेत असताना कायद्याच्या लेखी ही गोष्ट जवळजवळ अस्तित्वातच नव्हती. तेव्हा त्याला मास्तरांनी काय म्हटले असेल, ते वाचकांना ठाऊक आहे. 'आरक्षणवाले असेच.' त्याच्या मेंदूच्या घडणीचा हिशोब जातीच्या खात्यावर मांडला गेला.

इथे आम्हाला जो मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो मांडतो. भारतात शासकीय प्रमाणपत्रासाठी 'आयसा' नावाची मोजपट्टी वापरतात. तिच्यात 40 बाबी आहेत, प्रत्येकीला 1 ते 5 गुण. एकूण 70 पासून पुढे स्वमग्नता धरतात आणि त्या गुणांवरून अपंगत्वाची टक्केवारी काढतात. यादीतली पहिलीच बाब आहे नजरेला नजर न देणे. पण ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या वरच्या आळीतून जाताना नजर खाली ठेवायला शिकवले, त्याच्या लेकराची खाली गेलेली नजर नेमकी कशामुळे खाली आहे? साहेबासमोर गप्प बसणे, विचारल्याशिवाय न बोलणे, परक्या घरात अंग चोरून बसणे, हे सगळे जातीने शिकवलेले आहे. तपासणाऱ्याला ही शिकवण माहीत नसेल तर दोन चुका होऊ शकतात. जातीने आलेल्या दबलेपणाला तो स्वमग्नता समजेल. किंवा खऱ्या स्वमग्न माणसाला 'खेडवळ आहे, बुजतो आहे' म्हणून परत पाठवेल. आमच्या पाहण्यात दुसरी चूक जास्त होते.

तपासणारा पुढे विचारतो, लहानपणी खेळणी रांगेत लावायचा का? कोणती खेळणी? चिंचोके होते, काचेचे तुकडे होते, गुंजवणीतले गोटे होते. ते रांगेत लावायचा का, असे कोणी विचारत नाही. मग तो म्हणतो, पहिला शब्द कधी बोलला ते आईला विचारून या. आई त्या वर्षी दुसऱ्याच्या रानात भात लावणीला होती.

आमच्या बरोबर काम करणाऱ्या एका कार्यकर्त्याला घेऊन आम्ही पुण्यातल्या एका रुग्णालयात गेलो होतो. समोरच्याने केसपेपर पाहिला आणि विचारले, "लग्न झालंय, नोकरी आहे, मग कसला ऑटिझम?" तपासणी तिथेच संपली. मार्गासनीहून नसरापूर, तिथून सातारा रस्त्याने पुणे, रांग, जेवणाची वेळ, उद्या या. रोजंदारीवरच्या माणसाचे असे तीन दिवस जातात. खासगीत तीच तपासणी काही हजारांत होते आणि तिथे निदान बसून ऐकून घेतात. तालुक्याचे नाव वेल्ह्याचे राजगड झाले. माणसाला पुण्याची वारी मात्र चुकली नाही.

लग्न आणि नोकरी असूनही माणूस स्वमग्न असू शकतो, कारण तो लपवायला शिकतो. इंग्रजीत याला मास्किंग म्हणतात. लोक हसले की हसायचे, बोलण्याआधी वाक्ये पाठ करायची, हात हलवावेसे वाटले की खिशात घालायचे. मित्रांनो, हे लपवणे आपल्याला नवे आहे का? पुण्यात भाड्याने खोली घेताना आडनाव सांगायचे टाळणे, ऑफिसात भिंतीवरचा फोटो न लावणे, 'तुमचं गाव कुठलं' या प्रश्नाला अर्धे उत्तर देणे, हे काय आहे? आपला स्वमग्न तरुण दोन मुखवटे एकावर एक चढवून जगतो. संध्याकाळी घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून झोपतो तेव्हा घरचे म्हणतात, याला काय दुःख आहे, सगळे तर मिळाले.

बायकांचे आणखी वेगळे. गप्प राहणारी मुलगी आपल्याकडे 'गुणी' ठरते, म्हणून तिच्याकडे कोणी पाहतच नाही. पुष्कळदा स्वतःच्या मुलाचे निदान होत असताना आईला डॉक्टरांचा एकेक प्रश्न ऐकून स्वतःचे बालपण आठवते. तोवर तिची पस्तिशी उलटलेली असते.

आता थोडे आपल्या चळवळीबद्दल. 14 एप्रिलला डीजेसमोर उभे राहता येत नाही म्हणून जो पोरगा विहारात जाऊन बसतो, त्याला आपण काय म्हणतो? 'याला बाबासाहेबांबद्दल काही वाटत नाही.' 6 डिसेंबरला चैत्यभूमीच्या गर्दीत ज्याचा श्वास कोंडतो तो पुढच्या वर्षी येत नाही, आणि आपण त्याचे नाव यादीतून काढतो. बैठकीत तो अध्यक्षांच्या तोंडावर सांगतो की तुम्ही दिलेली तारीख चुकीची आहे. तारीख खरोखर चुकीची असते, पण शिस्तभंग त्याचा ठरतो. बाबासाहेबांचे खंड पान क्रमांकासह तोंडपाठ असलेली अशी माणसे आपण घालवली आहेत. उच्चवर्णीय प्राध्यापक असा वागला तर त्याला विक्षिप्त विद्वान म्हणतात, आपला वागला तर तुसडा. ही तुलना निदान आपण तरी करू नये. (आणि बाबासाहेब स्वतः स्वमग्न होते वगैरे पोस्ट फिरवणेही थांबवावे. गेलेल्या माणसाचे निदान मोबाइलवर होत नसते.)

बौद्ध म्हणून तर आपल्याला याचे वावडे असूच नये. चूळपंथकाची कथा विहारात सांगितली जाते. त्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, तेव्हा थोरल्या भावानेच त्याला संघातून जायला सांगितले. तथागतांनी त्याला परत बोलावले आणि पाठांतर बाजूला ठेवून हातात एक स्वच्छ कापड दिले. तेच चोळत, मळत चाललेले पाहत तो अर्हत झाला. तो स्वमग्न होता असा आमचा दावा नाही. शिकवण्याची रीत बदलायची जबाबदारी तिथे शिकवणाऱ्याने घेतली, एवढे मात्र कथेत स्पष्ट आहे. कायद्याच्या भाषेत याला आज 'वाजवी सोय' म्हणतात.

दुसरे उत्तर कलंकाचे. त्याला आमचे उत्तर असे की नाव कोण ठेवतो, यावर कलंक ठरतो. 1938 साली मुंबई विधिमंडळात 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालू नका, असे सांगूनही सरकारने ऐकले नाही, तेव्हा बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांसह सभात्याग केला. 'दिव्यांग' हा शब्दही असाच वरून आलेला, दैवी मुलामा दिलेला आहे. 2015 च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी तो आकाशवाणीवरून सुचवला आणि अपंगांच्या अनेक संघटनांनी तेव्हाच नापसंती सांगितली. 'स्वमग्न' हा शब्दही आम्हाला फारसा आवडत नाही, त्यात स्वतःतच रमलेल्या, दुसऱ्याची पर्वा नसलेल्या माणसाचा वास येतो. पण शब्दावर भांडायलाही आधी आपण त्या खोलीत असावे लागते.

खोलीत जायचा रस्ता कायद्यात आहे. 2016 च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण दिले. त्यातला 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून आहे. हे आरक्षण समांतर आहे, म्हणजे अनुसूचित जातीचा उमेदवार आपल्या जागी राहूनच ते घेतो. त्याचे जातीचे आरक्षण कुठे जात नाही. यासाठी 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते. पण 'वाजवी सोय' मागायला 40 टक्क्यांची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार प्रकरणात 11 फेब्रुवारी 2021 रोजी स्पष्ट केले आहे. 2024 च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या प्रकरणात, न्या. भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने सांगितले की केवळ टक्केवारीचा आकडा पाहून वैद्यकीय प्रवेश नाकारता येणार नाही, त्या माणसाला काय जमते ते तपासा. आणि कलम 92 वाचा. अपंग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केला तर 6 महिने ते 5 वर्षे शिक्षा. ॲट्रॉसिटी कायदा वापरलेल्यांना ही भाषा ओळखीची वाटेल.

अडचण आहे ती संशयाची. 2024 मध्ये पूजा खेडकर प्रकरण गाजले, यूपीएससीने त्यांची उमेदवारी रद्द केली. त्यांनी आरोप नाकारले आहेत, ते न्यायालय पाहील. पण त्यानंतर न दिसणारे अपंगत्व म्हणजे बोगस, अशी हवा झाली. जातीच्या दाखल्याबाबत ही हवा आपण आयुष्यभर सोसली आहे. बोगस प्रमाणपत्रांविरुद्ध सर्वांत आधी आपणच ओरडले पाहिजे, कारण त्या एकाच टक्क्यातून चोरी होते. आणि म्हणूनच आपल्या माणसाचा कागद पक्का असायला हवा.

कागदासाठी स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा अर्ज भरावा लागतो, मग सरकारी रुग्णालयातल्या मंडळापुढे जावे लागते. सोबत माणूस न्या. 'होत नाही' असे तोंडी सांगितले तर लेखी मागा. निदान नाहीच निघाले तरी तो अहवाल जपून ठेवा, कारण नैराश्य किंवा दुसरे काही असेल तर उपचार तिथून सुरू होतात. रात्री-अपरात्री कोणाला फारच जड झाले तर टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक आहे.

आम्ही तालुक्यातल्या काही जणांना घेऊन पुन्हा पुण्याला जाणार आहोत. येणाऱ्यांनी घरातल्या आई, आजी, मावशी यांच्याकडून लहानपणच्या आठवणी आधीच वहीत लिहून आणाव्यात. कधी बोलायला लागला, कशाला घाबरायचा, कोणते कापड अंगाला लावून घ्यायचा नाही, शाळेतून पळून कुठे जाऊन बसायचा. तारखा आठवत नसतील तर 'किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा', 'नामांतर झाले त्या वर्षी', 'रमाबाई नगरात गोळीबार झाला तेव्हा' असे लिहिले तरी चालेल. त्यावरून वर्ष आम्ही काढू.