ईएमटीच्या वर्गाला नाव घालण्याआधी

अमेरिकेत राहणाऱ्या आणि घर सांभाळून काहीतरी शिकू पाहणाऱ्या मराठी माणसांसाठी हे लिहिते आहे. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात ईएमटीचा, म्हणजे अँब्युलन्सवरच्या इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा वर्ग लावायचे तुमच्या मनात असेल, तर जरूर लावा. फक्त फी भरण्याआधी एक काम करा. भारतातून आणलेली कागदपत्रांची फाईल काढा आणि तिच्यात लसींचा कागद आहे का, ते बघा.

बहुतेकांकडे तो नसतो. आपल्या लसी झाल्या, पण कागद कुणी जपून ठेवले नाहीत. कॉलेज मात्र गोवर, कांजिण्या, हिपॅटायटिस बी, धनुर्वात या सगळ्यांचा पुरावा मागते. घाबरू नका. गोवर-कांजिण्यांसारख्या आजारांची प्रतिकारशक्ती अंगात आहे, हे रक्त तपासून दाखवता येते. या तपासणीला इथे टायटर म्हणतात. प्रतिकारशक्ती नसली तर लस पुन्हा घ्यायची, एवढेच. पण हिपॅटायटिस बीचे तीन डोस घ्यायचे म्हटले तर सहा महिने जातात. म्हणून हे काम आधी.

आता डाव्या दंडावरची ती गोल खूण बघा. ती बीसीजीची. इथे क्षयासाठी हातावर सुई टोचून चाचणी करतात. बीसीजी झालेल्या माणसाचा हात त्या चाचणीत क्षय नसतानाही सुजू शकतो. माझा सुजला होता. मग एक्स-रे, मग पुन्हा चिठ्ठी, आणि वर्ग सुरू व्हायला चार दिवस उरलेले. तुम्ही पहिल्यांदाच सांगा, ‘मला बीसीजी दिलेली आहे, क्षयाची चाचणी रक्तावर करा.’ तशी चाचणी मिळते. फक्त ती तुमच्या कॉलेजला चालते का, तेवढे आधी विचारून ठेवा.

व्हिसाचेही आधीच बघा. एच-4 वर असाल तर शिकायला आडकाठी नाही. पगार घ्यायचा तर वर्क परमिट लागते. काही जण म्हणतात, पगार नाही तर नाही, फुकट सेवा करू. तिथे सांभाळा. ज्या कामाला एरवी पगार मिळतो, ते फुकट केले तरी व्हिसाच्या अंगाने ते अडचणीचे ठरू शकते. वकिलाला विचारा. मंडळातल्या ओळखीच्यांच्या अनुभवावर जाऊ नका.

‘मला जमेल का?’ हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्या बहुधा चाळिशीच्या पुढच्या असतात.

एक जुनी गोष्ट सांगते. साठ वर्षांपूर्वी अमेरिकेत अनेक गावांत आजाऱ्याला न्यायला अंत्यविधी करणाऱ्यांचीच गाडी यायची. तिच्यात माणूस आडवा मावत असे म्हणून. 1966 साली राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा अहवाल आला आणि अपघातातली माणसे वाटेतच कशी हकनाक दगावतात, हे देशापुढे मांडले गेले. 1967 साली पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या गरीब वस्तीत फ्रीडम हाऊस नावाची अँब्युलन्स सेवा उभी राहिली. डॉ. पीटर साफार यांनी तिथल्या कृष्णवर्णीय तरुणांना शिकवून तयार केले. त्यांतल्या काहींची शाळाही पुरी झालेली नव्हती. आज जगभर ज्याला पॅरामेडिक म्हणतात, ते काम या देशात पहिल्यांदा करून दाखवणाऱ्यांत ती मुले होती. तुम्हाला जमेल.

इथल्या गाडीत डॉक्टर नसतो, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. महाराष्ट्रात 2014 पासून धावणाऱ्या 108 च्या गाडीत डॉक्टर असतो. त्यामुळे आपल्या आईवडिलांना नवल वाटते. इथे 911 ला फोन लावला की ईएमटी येतात, आणि गरज असेल तर त्यांच्या वरच्या पायरीचे पॅरामेडिक. ईएमटी प्राणवायू देतात, रक्तस्राव थांबवतात, हाड मोडले तर बांधतात, छातीवर दाब देतात, ठरलेली मोजकीच औषधे देतात, आणि रुग्णाला धड दवाखान्यात पोहोचवतात.

कोर्स बऱ्याच ठिकाणी दीडशे ते दोनशे तासांचा, म्हणजे एका सत्राचा असतो. तास थोडे दिसतात, पण हजेरी कडक असते. दोन-तीन वर्ग बुडले की नाव कापले जाऊ शकते. त्या चार महिन्यांत भारताचे तिकीट काढू नका. गणपतीचे नाही, लग्नाचेही नाही. नवऱ्याला, मुलांना एकत्र बसवून सांगा, की मंगळवार-गुरुवार संध्याकाळी स्वयंपाक तुमच्याकडे. हे आधी ठरले नाही, तर तिसऱ्या आठवड्यात घरात कुरकुर सुरू होते. मग वर्ग सोडणारी व्यक्ती बहुधा बाईच असते. मला याचे फार वाईट वाटते.

पुस्तक जाडजूड असते. रोज थोडे वाचा, आणि वाचलेले घरच्यांवर करून बघा.

मी रक्तदाब घ्यायला शिकले ते सासूबाईंच्या हातावर. जेवणाच्या टेबलाशी त्यांचा हात पसरून ठेवायचा, पट्टा बांधायचा, फुगा दाबायचा आणि हवा हळूहळू सोडायची. पहिले पंधरा दिवस मला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हते. सोळाव्या दिवशी फ्रिजचा प्लग काढला, मुलांना गप्प केले, आणि ती टकटक ऐकू आली. लांबून कुणी दार वाजवावे, तशी. सासूबाई म्हणाल्या, ‘आली का गं?’ नाडी बघायची म्हटली की त्या आपण होऊन हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकवायच्या. त्यातून मला आणखी एक समजले. आपल्या म्हाताऱ्या बायकांच्या बांगड्यांना घाईघाईने हात घालायचा नाही. आधी विचारायचे.

संकोचाचेही बोलायला हवे. वर्गात परक्या माणसाला हात लावावा लागतो. छातीवर विजेचे पॅड चिकटवायचे तर कपडे कात्रीने कापून छाती उघडी करावी लागते, आणि मंगळसूत्र मध्ये येत असेल तर बाजूला सारावे लागते. सुरुवातीला हात थांबतो. सराव पुतळ्यावर असतो, तेव्हाच तो थांबू द्या. खऱ्या माणसापाशी तो थांबता कामा नये.

आपली भाषा या कामात फार उपयोगी पडते. आपले वडील ‘गॅस झालाय’ म्हणतात, ‘छाती भरून आलीय’ म्हणतात, ‘जीव घाबरा होतोय’ म्हणतात. मुलगा त्याचे इंग्रजीत ‘ॲसिडिटी’ करून मोकळा होतो. तुम्हाला वर्गात शिकवलेले असते, की मधुमेही माणसाला हृदयाचा झटका न दुखताही येऊ शकतो. मग तुम्ही पुढचे विचारता. घाम फुटला होता का? जिना चढताना झाले का? शेवटचे कधी खाल्ले? या शेवटच्या प्रश्नाने तर आपल्या घरांत फार काही उलगडते. चतुर्थीचा कडक उपास आणि सकाळी घेतलेली साखरेची गोळी, हे इथल्या माणसाच्या डोक्यात येणारच नाही. तुमच्या येईल.

परीक्षेचे थोडक्यात. बहुतेक राज्यांत राष्ट्रीय नोंदणीची परीक्षा संगणकावर द्यावी लागते. प्रश्न 70 ते 120, वेळ दोन तास. तुमच्या उत्तरांवरून पुढचा प्रश्न ठरतो, त्यामुळे सगळ्यांनाच पेपर अवघड वाटतो. पेपर 70 ला बंद पडला म्हणजे नापास झालात, असे नाही. कोर्स संपला की महिन्याभरात परीक्षा देऊन टाका, वाचलेले लवकर विसरते. नोंदणी दर दोन वर्षांनी नवी करावी लागते, ती तारीख कॅलेंडरवर लिहा.

पैशाचे स्पष्ट सांगते. पगार कमी आहे. रात्रपाळ्या असतात, आणि जिन्यावरून माणूस खाली आणताना पाठ जाते. उचलायची पद्धत वर्गात नीट शिका, लाजू नका, पुन्हा पुन्हा करा. घर याच पगारावर चालवायचे असेल तर पुढे पॅरामेडिक किंवा नर्सिंग करायचे, हे मनाशी धरूनच या. मुलगा मेडिकलच्या अर्जासाठी हा वर्ग लावत असेल तर हरकत नाही. पण रात्री दोन वाजता कुणाची तरी आजी त्याचा हात धरून ठेवणार आहे, हे त्याला आधी सांगा.

कुणाच्या घरी गेलो होतो, ते मंडळात सांगायचे नाही. नवऱ्यालाही नाही. तसा कायदाच आहे. आणि घरच्यांनीही खोदून विचारू नये. पहिला मृत्यू बघून घरी आलेल्या माणसाला वरण-भात वाढावा आणि शेजारी बसावे. झोप उडाली, चिडचिड वाढली, तर पथकाच्या प्रमुखाशी बोला. ते अंगावर काढू नका.

वर्ग लावा किंवा न लावा, एक गोष्ट आजच करा. भारतातून आईवडील आले असतील तर त्यांच्या गोळ्यांचा डबा उघडा. प्रत्येक गोळीतल्या औषधाचे नाव इंग्रजीत लिहा. पाकिटावरचे कंपनीचे नाव इथे कुणाला कळत नाही. मात्रा, वेळ, कशाची ॲलर्जी, पूर्वीची ऑपरेशने, विमा कंपनीचा फोन, हे सगळे खाली लिहा. तो कागद फ्रिजवर लावा. गाडीतून येणारी माणसे पुष्कळदा तिथेच बघतात. कोपऱ्यात तारीख घाला, आणि गोळी बदलली की कागद नवा लिहा.