उटण्याचं पाकीट उलटून बघा

दिवाळी आली. आमच्या प्रभागातले भावी नगरसेवक (यंदा चौघे आहेत, चौघेही 'आपला माणूस') दारोदार उटण्याची पाकिटं वाटून गेले. काल आमच्याकडची तिन्ही पाकिटं टेबलावर मांडली आणि नीट वाचली. पुढे फोटो. मागे पक्षाच्या नेत्यांचे फोटो. आत काय आहे, कुणी बनवलं, कधी बनवलं, यातलं एक अक्षर नाही. एका पाकिटावर 'शुद्ध आयुर्वेदिक' एवढं मात्र ठळक!

शेजारच्या लेकराच्या मानेवर गेल्या वर्षी असल्याच पाकिटातल्या उटण्यानं चट्टे उठले. विचारायला गेलो तर उत्तर काय, "अहो, फुकट तर दिलंय."

फुकट दिलं म्हणून सूट मिळत नाही, साहेब. 1940 चा औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांचा कायदा नुसत्या विक्रीला नाही, वाटपालाही लागू आहे. उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, मुदत हे पाकिटावर हवंच. उद्या कुणाची कातडी सोलली तर डॉक्टरांना दाखवणार काय, तुमचा हसरा फोटो?

आणि उटणं ही काय विकत आणायची गोष्ट होती का हो? आई काष्ठौषधीच्या दुकानातून नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा, कपूरकाचरी, आंबेहळद आणायची. दोन दिवस कडक उन्हात वाळवून कुटायचं, वस्त्रगाळ करायचं, त्यात मसूर डाळीचं पीठ घालायचं. केसांसाठी शिकेकाई, रिठा, आवळकाठी रात्री लोखंडी कढईत भिजत घालून सकाळी उकळायचं आणि गाळून घ्यायचं. फेस कमी येतो, डोळ्यात गेलं तर आग होते, तक्रारी आम्ही पण केल्यात. पण त्यात काय आहे ते घरातल्या पोरालाही माहीत असायचं.

घरचं ते सगळं चांगलं असंही मी म्हणत नाही. नीट न वाळवलेल्या सालींना बुरशी धरते. उकळलेलं पाणी त्याच दिवशी संपवायचं, बाटलीत भरून आठवडाभर ठेवायचं नाही. आधी कोपराच्या आत थोडं लावून एक दिवस बघायचं. एवढी अक्कल घरच्या बाईला असते, पाकीटवाल्याला नसते.

बरं, वाटायचंच आहे ना? मग वॉर्डातल्या बचत गटाला रीतसर परवाना काढून द्या, त्यांच्याकडून घ्या, पाकिटावर त्यांचं नाव छापा. तुमचा फोटो कोपऱ्यात चालेल. आणि हो, अभ्यंगस्नान पहाटे असतं. आमच्या गल्लीत नळाला पाणी येतं सातला. उटणं अंगाला फासून दोन तास बसायचं का आम्ही?

तुमच्या घरी आलेलं पाकीट उलटून बघा आणि मागच्या बाजूचा फोटो इथे टाका. पुढच्या बाजूचा नको, तो चौकाचौकात लागलेला आहे.